सोमवारी निघा, रविवारी पोहोचा

*पान १. पासपोर्ट. प्रवासाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने पासपोर्ट चालू असावा. पाच महिने एकोणतीस दिवस चालत नाहीत. विमानतळावर रडून उपयोग होत नाही.*

हे लिहिणारा लाफाएले. विमानतळावर रडून उपयोग होत नाही हे त्याला कुठून कळलं, ते मात्र पुस्तिकेत दिलेलं नाही.

रविवार, आपला

पुस्तिकेचं नाव ‘पलीकडे जाणाऱ्यांसाठी उपयुक्त माहिती’. सातवी आवृत्ती, सोळा पानं, दोन टाचण्या. पलीकडे म्हणजे तुतुइला, शेजारचं बेट. छोट्या विमानाने पाऊण तास. तिथे आपलीच माणसं, आपलीच भाषा, आपलीच भांडणं. झेंडा तेवढा अमेरिकेचा, त्यामुळे सख्ख्या बहिणीकडे जेवायला जायचं म्हटलं तरी परवाना लागतो आणि तो बहिणीनेच तिथून काढून द्यावा लागतो. इकडे आपल्या बेटावर, आपियाच्या बाजाराजवळ, कापडाच्या दुकानाला चिकटून लाफाएलेची एक खिडकी होती. फोटो, झेरॉक्स, अर्ज भरून मिळतील. बावीस वर्षांत त्याने अर्ध्या बेटाला पलीकडे पाठवलं होतं. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारत, “लाफाएले, अळूचे कंद नेऊ देतात का रे?” आणि तो छाती फुगवून सांगे, “पान नऊ.”

स्वतः तो आठ वर्षांत एकदाही गेला नव्हता. पोहायला शिकवणारा मास्तर काठावरच बसतो, तसं.

आता जायचं होतं. फुआतिनोताई, त्याची थोरली बहीण, तुतुइला सोडून मुलाकडे अलास्काला निघाली होती. कायमची. तिच्या सोमवारी संध्याकाळचं विमान. चौसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. तिथल्या बर्फातून ती परत येईल असं कोणीच म्हणत नव्हतं, आणि ती तर मुळीच नाही. तिला गाठायचं, आणि एक गोष्ट तिच्या तोंडावर सांगायची. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती. फोनवरच तर ती बिघडली होती.

महिन्यापूर्वी परवान्याचा अर्ज भरताना ताईने विचारलं होतं, “कोणत्या तारखेपासून लिहू?”

“नऊ. सोमवार.”

“तुझा सोमवार की आमचा?”

“ताई,” लाफाएले हसला होता, “हा प्रश्न लोकांना विचारायला कोणी शिकवलं? मी शिकवलं.”

“बरं बाबा,” ती म्हणाली आणि तिने नऊ लिहिलं.

त्या हसण्याची किंमत त्याला पुढे चुकवायची होती, पण रविवारी दुपारी त्याला त्याचा पत्ता नव्हता. चर्च झालं होतं, भट्टीतलं जेवण झालं होतं, आणि पांढरा सदरा काढून तो जमिनीवर सामान मांडून बसला होता. गार डब्यात पालुसामी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची पुडकी, ताईच्या आवडीची. एका पिशवीत पुस्तिकेच्या ऐंशी प्रती, पलीकडे वाटायला. आणि घडी घातलेली ती चटई.

केवड्याच्या पानांचे सुतासारखे पट्टे काढून विणलेली, कापडासारखी मऊ, काठाला लाल पिसं. अशी चटई बसायला नसते. भावाने बहिणीच्या दारात मयताला न्यायची असते. ताईच्या नवऱ्याच्या मयताला नेण्यासाठी लाफाएलेच्या बायकोने, लांगीने, ती आठ वर्षांपूर्वी पेटीतून काढली होती. त्यानंतर ती पुन्हा पेटीत गेली.

“या खेपेला तरी पोहोचेल का ती?” लांगी म्हणाली.

“परवाना आहे. पासपोर्टला चार वर्षं आहेत. तिकीट आहे.”

“तिकीट वाचलंत?”

“तिकिटं मी लोकांची वाचतो.”

“तेच म्हणते मी.”

सोमवार, आपला

*पान ४. तारीख. लक्षात ठेवा!!! आपण त्यांच्या एक दिवस पुढे आहोत. सोमवारी निघा, रविवारी पोहोचा. परवान्याची तारीख नेहमी TIKDACHI तिकडची, इकडची नव्हे.*

(इथे छापखान्याने एक शब्द दोनदा बसवून पहिला इंग्रजी अक्षरांत सोडला होता. सात आवृत्त्यांत तो तसाच आहे. लाफाएलेने पान चार शेवटचं कधी वाचलं असेल, याचा अंदाज यावरून करावा.)

पूर्वी असं नव्हतं. दोन्हीकडे एकच वार होता. मग आपल्या सरकारने एका डिसेंबरात कॅलेंडरमधून एक शुक्रवार उपटून फेकला आणि आपण उडी मारून पुढच्या दिवसात गेलो. पलीकडचे मागेच राहिले. तेव्हापासून रविवारी इकडे जेवून पलीकडे गेलं की शनिवार लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चर्च.

विमानतळावर सगळ्यांचं वजन होतं, माणसासकट. काउंटरवरच्या वाओसाने लाफाएलेला काट्यावर उभं केलं.

“एकशे चौदा,” ती म्हणाली. “काका, पुस्तक लिहून माणूस वाळतो म्हणतात.”

“वाचणारे वाळतात.”

चटई, डबा, पुस्तिका, सगळं चढलं. लाफाएले वैमानिकाच्या मानेमागे बसला. खाली समुद्र कधी संपला ते त्याला कळलं नाही. ताईला सांगायचं वाक्य तो जुळवत होता. ‘ताई, त्या वेळी.’ ‘ताई, खरं म्हणजे.’ लोकांचे अर्ज भरताना त्याचं पेन कधी अडलं नव्हतं.

रविवार, त्यांचा

खिडकीत एलेकाना नावाचा तरुण अधिकारी होता. पांढरा सदरा, पांढरा टाय. त्याने पासपोर्ट पाहिला, परवाना पाहिला, पुन्हा परवाना पाहिला.

“काका, हा उद्यापासूनचा आहे.”

“आज नऊ तारीख.”

“आज आठ.”

“अरे, मी नऊ तारखेला उठलोय. नऊ तारखेला दाढी केलीय!”

“ती तुमच्याकडची नऊ.”

“म्हणजे आमच्याकडची तारीख खोटी?”

“खोटी कशाला? लवकर आलेली.”

लाफाएलेने काचेपलीकडे पाहिलं. रस्ता रिकामा. झाडाखाली एक कुत्रं. लांबून चर्चची घंटा. आणि मग ते सगळं हळूहळू, पायापासून वर, त्याच्या अंगात चढलं. सोमवारी निघा, रविवारी पोहोचा. हे त्याने लिहिलं होतं. तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं होतं. आयुष्यात आपण एवढं एकच शहाणपणाचं वाक्य लिहिलं, आणि ते ज्याला लागू होतं असा जगातला एकमेव माणूस ते न वाचता इथे आला.

एलेकानाने खिडकीच्या काचेखालून काहीतरी ओढून काढलं. सोळा पानं, दोन टाचण्या.

“हे तुम्हीच ना? निम्मे लोक हे घेऊन येतात म्हणून मी एक ठेवून घेतलं. पान चारवर...”

“माहितीय.”

“तीन उद्गारचिन्हं आहेत.”

“माहितीय रे!”

मागे उभी असलेली बाई हसली. तिच्या हातातही पुस्तिका होती. तिचा परवाना बरोबर होता.

“त्या बाकावर बसतो,” लाफाएले म्हणाला. “तुमचा सोमवार उजाडेपर्यंत. कोणाला काही त्रास नाही देणार.”

“एक वाजता विमानतळ बंद होतो. घरी जेवायला थांबलेत माझ्यासाठी. आज रविवार आहे, काका.”

“कल्पना आहे. काल होता.”

“आलेलं विमान वीस मिनिटांत परत जातंय. त्यात बसा.” मग त्याचा आवाज जरा उतरला. “बहिणीला फोन लावू का? फुआतिनोताई ना? जवळच राहते. काचेतून तरी भेटाल.”

लाफाएलेच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं. काचेच्या त्या बाजूला ताई, गुडघे धरून आलेली. या बाजूला आपण, हातात आपलंच पुस्तक. आठ वर्षांपूर्वी एकदा विमानतळाच्या चुकीच्या बाजूला उभं राहून त्याने तिला फोन केला होता. पुन्हा नाही.

“नको,” तो म्हणाला. “ती चर्चमध्ये असेल.”

सोमवार, आपला, दुसऱ्यांदा

आपियाला पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने मान वर न करता विचारलं, “कुठून आलात?”

“कालहून.”

“किती दिवस होता?”

“वजा एक.”

आता त्या माणसाने मान वर केली, पुस्तिकावाल्या लाफाएलेला ओळखलं, आणि शिक्का मारताना त्याचे खांदे हलत होते.

वाओसाच्या काउंटरपर्यंत बातमी विमानाच्याही आधी पोहोचली होती. तिने ओठ दाबून हसू आवरलं आणि यादी काढली. उद्या मंगळवारचं विमान म्हणजे पलीकडचा सोमवार, दुपारपूर्वी. ताईचं विमान संध्याकाळी. अजून जमत होतं. दोन तारखांमधल्या ज्या रेघेने त्याला बुडवलं, तीच रेघ त्याला एक दिवस उधार देत होती. मात्र विमान जवळजवळ भरलेलं होतं.

“एक खुर्ची आहे,” वाओसा म्हणाली, “पण वजन नाहीये, काका.”

“खुर्ची आहे आणि वजन नाही म्हणजे काय?”

“म्हणजे खुर्चीत बसायला कोणीतरी बारीक पाहिजे. सकाळी लवकर या. नेटबॉलच्या शाळकरी मुली आहेत, हलक्या निघाल्या तर बघू.”

घरी लांगी ओट्यावर बसून नीरफणस सोलत होती. तिने नवऱ्याला पाहिलं, डबा पाहिला, चटई पाहिली. सुरी खाली ठेवली.

“विमान रद्द झालं?” ती म्हणाली.

हा टोला होता, आणि तो कुठे बसतो हे दोघांनाच ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी, मयताच्या आदल्या दिवशी, आपियाच्या काउंटरवर त्याचा पासपोर्ट उघडला गेला. संपायला चार महिने. पान एक लिहिणाऱ्या माणसाचा पासपोर्ट. विमान त्याच्याशिवाय उडालं. पाऊण तास तो गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत राहिला, एका ट्रकमागे उभा राहून रडला, मग ताईला फोन केला. खरं सांगायची लाज वाटली म्हणून म्हणाला, “ताई, विमान रद्द झालं.” तिच्या मागे कसली तरी घरघर चालू होती. त्याला वाटलं पंखा असेल. “रद्द म्हणतोस?” “हो.” “बरं,” ती म्हणाली. बस, तेवढंच. त्यानंतर ख्रिसमसला फोन, वाढदिवसाला फोन, तब्येत, पाऊस. त्या ‘बरं’ला दोघांनीही कधी हात लावला नाही. आणि तो कधी तिकडे गेला नाही, कारण तिकडे गेलं की तोंड दाखवावं लागतं.

“रद्द नाही झालं,” लाफाएले म्हणाला. “मी गाढव आहे.”

“हे ऐकायला आठ वर्षं थांबले.” लांगीने पुन्हा सुरी उचलली. “जेवणार?”

“नाही. वजन.”

“बहिणीसाठी उपास! बरं आहे. मी काही नवस बोललेले नाही, तुमचं ताट मी खाईन.”

मंगळवार, आपला

*पान ११. सामान. विमान लहान आहे. आवश्यक तेवढंच न्या. प्रत्येकाला वाटतं आपलं सगळंच आवश्यक आहे.*

तो सकाळी नखं कापून गेला. केसही कापले असते, पण होते कुठे.

मुली हलक्या निघाल्या, एक सोडून. वाओसाने पेन कानामागून काढलं, बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.

“एकशे सतरा किलो देऊ शकते. सगळं मिळून. चढा.”

काटा डुलला आणि थांबला. एकशे तेरा.

“एक किलो उतरलात की!”

“काल जेवलो नाही.”

“रोज जेवू नका. चटई ठेवा. साडेतीन. एकशे साडेसोळा झाले. डबा अकरा. ही पिशवी काय?”

“पुस्तिका.”

“सहा.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “काका, अर्धा किलो उरतो. त्यात तुमच्या सहा-सात प्रती बसतील.”

लाफाएलेने पिशवी उघडली. सातवी आवृत्ती, ऐंशी प्रती, वरच्या पानावर त्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात. मागे मुली खिदळत होत्या. त्याने पिशवी बंद करून काउंटरखाली सरकवली, डबा उघडला आणि एक पालुसामी काढली. वाओसाने ती काट्यावर ठेवली.

“चारशे ऐंशी ग्रॅम,” ती म्हणाली. “जा.”

“पिशवीचं काय करशील?”

“दार उघडं राहावं म्हणून काहीतरी लागतंच इथे.”

सोमवार, त्यांचा

एलेकानाने पासपोर्ट पाहिला, परवाना पाहिला आणि उभं राहून दोन्ही हातांनी शिक्का मारला.

“आज नऊ, काका. स्वागत आहे.”

ताई दाराबाहेर बाकावर बसली होती. हातात छत्री, पायात घरातल्याच चपला. तो समोर आला तरी उठली नाही. गुडघ्यांना एवढ्या घाईत उठता येत नव्हतं. तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. बहिणीपुढे भाऊ खुर्चीवर बसत नाही, आणि आज तर त्याला जमीनही उंच वाटत होती.

“ताई, मी काल आलो होतो.”

“माहितीय. एलेकाना आमच्या गायकांत आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्याने सगळ्यांना सांगितलं.” तिचं पोट हलायला लागलं. “पाद्रीबाबांना खुर्ची धरावी लागली रे. मला तर स्तोत्र म्हणताच येईना.”

“हसा. सगळे हसून घ्या.”

“तुझा सोमवार की आमचा, विचारलं होतं ना मी?”

“विचारलं होतंस.”

तिचं हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. मग चटई तिच्या मांडीवर ठेवली. घडीवरचं लाल पीस वाऱ्याने हललं. ताईने ते बोटाने दाबून धरलं. ही कोणती चटई, हे तिला सांगावं लागलं नाही.

“ताई, त्या वेळी. विमान रद्द झालं नव्हतं. माझा पासपोर्ट...”

“विमान आलं होतं,” ताई म्हणाली.

लाफाएलेने मान वर केली.

“मी इथेच उभी होते. घरात तुझे भाऊजी आडवे, बायका म्हणाल्या तू नको जाऊस. म्हटलं, माझा भाऊ चटई घेऊन येतोय, मी नाही गेले तर कोण जाणार? विमान उतरलं. एक एक करून सगळे बाहेर आले. पंखे अजून फिरत होते, आणि तुझा फोन आला.”

ती घरघर. पंखाच होता तो. विमानाचा.

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून.”

“आठ वर्षं?”

“पहिली तीन मी रागात होते, त्यामुळे लवकर गेली.” तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली. “मग कोणीतरी तुझं ते पुस्तक घरी आणलं. मला काय करायचंय त्याचं, पण भावाने लिहिलेलं म्हणून उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलंयस, विमानतळावर रडून उपयोग होत नाही.” तिने मांडीवरची चटई सरळ केली. “मी म्हटलं, अगं बाई. हे येडं तिथे उभं राहून रडलं होतं.”

लाफाएलेने मान खाली घातली. एकशे तेरा किलोचा माणूस बाकापाशी जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. नेटबॉलच्या मुली वळसा घालून गेल्या. खिडकीतून एलेकाना ओरडला, “काका, पान एक!”

“गप रे!” ताईने छत्री उगारली.

ते वाक्य आठव्या आवृत्तीत ठेवायचं नाही, असं लाफाएलेने नाक पुसता पुसता ठरवलं. मग वाटलं, नको, ठेवायचं.

“डबा कुठाय?” ताई म्हणाली. “लांगी म्हणाली होती डबा पाठवतेय.”

“आपियात. वजनात बसला नाही.” त्याने खिशातून, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या लावालावाच्या कनवटीतून, ती जरा चेपलेली पालुसामी काढली. “ही एकच.”

“एकच?” ताईने पान बाजूला केलं, वास घेतला आणि तिचं तोंड हळूहळू सैल झालं. “बर्फात हे नाही मिळायचं. माझं विमान कितीला सुटतं ते बघितलंयस का?”

“संध्याकाळी.”

“तिकीट वाच,” ती म्हणाली आणि पर्समधून काढून त्याच्या हातात दिलं.

त्याने ते वाचलं. वार, तारीख, वेळ, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून, दोनदा. अजून सात तास होते. ताईने पालुसामीचे दोन भाग केले आणि मोठा त्याच्यापुढे धरला.

“खा. जाताना वजनाचं बघून घेऊ.”